गाऱ्हाण्यातले पासवर्ड

"आता आणखी एकदा चुकलं की साइट उद्यापर्यंत बंद, बाबा," श्रेया म्हणाली. "आणि फॉर्म आज संध्याकाळी बंद होतोय. तेव्हा अंदाजाने सांगू नका. आठवत असेल तर सांगा, नाहीतर आठवत नाही म्हणा."

"माका आठवता," दौलत सासऱ्याच्या आवाजात म्हणाला. "तुम्ही मधे मधे बोलताय, म्हणून तुटतंय."

"कोण बोललं मधे? सगळे तुमच्या तोंडाकडे बघत बसलेत."

ते खरंच होतं. मुलगा सुशांत सोफ्याच्या हातावर, सून श्रेया लॅपटॉपसमोर, नात अक्षदा नखं खात तिच्या खांद्यावर वाकलेली, आणि बायको रमाबाई स्वयंपाकघराच्या दारात वाटाणे सोलत. अक्षदाला प्रवेशाच्या फॉर्ममधला कॉलेजांचा क्रम बदलायचा होता. भरताना चुकून नको ते कॉलेज वर गेलं होतं. फॉर्मचा पासवर्ड आजोबांनी करून दिला होता. विसरला तर नवा मागवायची सोय होती, पण तो ज्या नंबरवर यायचा तो दौलतचा जुना नंबर, आणि तो नंबर रिचार्ज न केल्याने कंपनीने मधल्या काळात काढून घेतला होता.

दौलतने डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मधूनच धरायला त्याला जमत नसे.

या घरातले पासवर्ड कुठेही लिहिलेले नव्हते. ते गाऱ्हाण्यात होते. दर गणेशचतुर्थीला पूजा झाली की घरातल्या कर्त्या पुरुषाने गाऱ्हाणं घालायचं, गावातल्या देवांना मानाच्या क्रमाने हाका मारायच्या, त्यांच्याकडे घरादाराची राखण मागायची, आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणायचं. सुशांतने पहिल्यांदा बँकेचं खातं कॉम्प्युटरवर घेतलं तेव्हा दौलतने ती राखण अशी वाटून दिली. पहिला मान रवळनाथाचा, त्याला बँक. मग सातेरी, तिला ईमेल. पावणाईला गॅस, वेतोबाला वीजबिल, आणि तसंच खाली. प्रत्येकाच्या शेपटीला सुशांतचं जन्मसाल. एकदा दिलेला देव बदलायचा नाही, दुसऱ्याला सांगायचा नाही.

किल्ल्या सांभाळणं हा त्याचा स्वभावच होता. गिरणीत साच्यावर कापड विणायला होता, गिरणी गेली. मग हिंदमाताच्या कापडबाजारात एका साड्यांच्या दुकानात लागला आणि बघता बघता त्या दुकानाच्या किल्ल्या त्याच्या कमरेला आल्या. सकाळी तो गेल्याशिवाय शटर वर जात नसे. मालक रस्त्यावर उभा राहून त्याची वाट बघायचा, ही गोष्ट त्याने घरी इतक्या वेळा सांगितली होती की अक्षदा लहानपणी त्याची नक्कल करायची. मालकाच्या मुलाने बटणावर चालणारं शटर बसवलं आणि किल्ल्यांचा जुडगा मोजून परत घेतला. त्यानंतर दौलतकडे राखायला घरच उरलं.

ते त्याने राखलं. कुणाला काही उघडायचं असलं की दौलतकडे जायचं. तो विचारायचा, "तुका कित्याक व्हयो?" कशाला हवाय ते सांगायचं. पटलं तर तो डोळे मिटायचा, ओठ हलवायचा, स्वतःच्या हाताने पासवर्ड मारून द्यायचा आणि काम होईपर्यंत शेजारी उभा राहायचा. श्रेयाला स्वतःच्या नावाच्या वीजबिलासाठीही हे करावं लागे. लग्नानंतर पहिली दोन वर्षं तिला वाटायचं, म्हातारा काळजी घेतोय.

"ब्राह्मणदेव," दौलत म्हणाला.

"तो मघाशीच मारला."

"मग वेतोबा."

"वेतोबा वीजबिलाला, मघाशी तुम्हीच सांगितलंत ना? का दोघांना एकच देव दिलात?"

सुशांत हसला. "स्टाफ कमी पडला असेल."

अक्षदाला तेवढ्यात सुचलं. गेल्या चतुर्थीचा व्हिडिओ तिच्या फोनमध्ये होता, पूर्ण गाऱ्हाण्याचा. दौलत नको म्हणाला, देवाचं असं मधेच लावू नये म्हणाला, पण तिने आवाज वाढवून फोन टीपॉयवर ठेवला होता. धोतरातला दौलत हात जोडून ठणठणीत आवाजात हाका मारत होता. रवळनाथ, सातेरी, पावणाई, वेतोबा, ब्राह्मणदेव. होय म्हाराजा, होय म्हाराजा. श्रेया एकेक नाव, दौलतने मघाशी नाइलाजाने सांगितलेल्या वापरलेल्या नावांशी ताडत गेली. सगळी वापरलेली निघाली. गाऱ्हाणं संपलं, टाळ्या झाल्या, कुणीतरी मोदक मागितले.

"यात नाहीच आहे," अक्षदा म्हणाली.

"आसा," दौलत म्हणाला. "तुमका ऐकाक येना."

तिने पुन्हा लावलं. स्वतःचाच आवाज दुसऱ्यांदा ऐकताना दौलतला पावणाईच्या पुढे कुठेतरी पायरी चुकल्यासारखं झालं. पायरी होती खरी, पण तिच्यावर कोण बसलंय ते दिसेना. त्याने रमाबाईकडे पाहिलं. चाळीसहून जास्त चतुर्थ्या ती त्याच्या मागे उभी राहिली होती. तिच्या बोटांतली शेंग उलली, दाणे टोपात पडले.

"भूमका," ती म्हणाली. "पावणाईच्या नंतर भूमकादेवी. मार श्रेया."

श्रेयाने मारलं, पुढे साल मारलं. फॉर्म उघडला. अक्षदाने घाईघाईने कॉलेजं खालीवर केली, जमा केलं, आणि मग आजीच्या गळ्यात पडायला उठली. रमाबाईने तिला शेंगांच्या टोपापासून बाजूला केलं.

"गेल्या वर्षी पण गाळलीत तुम्ही तिला," ती नवऱ्याला म्हणाली. "सगळे होय म्हाराजा म्हणाले. मी पण म्हटलं."

सुशांतने विचारलं की तिला हे कसं ठाऊक. रमाबाईने फार काही लपवलं नाही. चार वर्षांपूर्वी तिची बहीण गावी शेवटच्या दुखण्यात होती. भाचीने निरोप धाडला होता, मावशी, व्हिडिओवर ये, आई तुझं नाव घेतेय. फोन रमाबाईचा, पण त्याचं कुलूप दौलतकडे, आणि दौलत हिंदमाताला जुन्या दुकानातल्या सोबत्यांकडे गप्पांना गेलेला. तो आला, चहा प्यायला, मग फोन उघडून दिला. तोवर बहीण बोलायची थांबली होती. त्या दिवसापासून रमाबाई त्याच्या ओठांकडे बघायला शिकली. देव तिच्या ओळखीचेच होते. कुठला कशाला दिलाय एवढंच जुळवायचं होतं.

"म्हणजे तुला सगळे माहीत आहेत?" सुशांत म्हणाला. "मग इतकी वर्षं बाबांना विचारत का होतीस?"

"ते कधी विसरतात ते बघत होते."

मग श्रेयाला हसू आलं आणि ते तिने दाबलंही नाही. ती म्हणाली की अख्ख्या भावकीला पाठ असलेली यादी आपण कुलूप म्हणून वापरत होतो. सुशांत म्हणाला, तिजोरीची किल्ली दरवर्षी आरतीनंतर मोठ्याने वाचून दाखवत होतो, आणि वर प्रसाद पण वाटत होतो. दौलतने गप राहा म्हणून हात वर केला. तो हात बघायला कुणी मोकळं नव्हतं, कारण सगळे पासवर्ड सांभाळणारं ॲप, पासवर्ड मॅनेजर, कुठला घ्यायचा यावर बोलणं सुरू झालं होतं.

सुशांतला फोनमध्ये आयता आलेला पुरे वाटत होता. श्रेयाने दाखवून दिलं की त्याचा फोन एका कंपनीचा, तिचा दुसऱ्या, लॅपटॉप तिसऱ्या, मग घरात पुन्हा तीन दौलत होतील. अक्षदाला फुकटातला हवा होता, ज्याचं आतलं काम कुणालाही तपासता येतं असा, पण त्यात दोघांहून जास्त माणसं एकत्र येत नव्हती. श्रेयाच्या ऑफिसात होता तो वर्षाचे पैसे घेणारा. त्यात सहा माणसं. प्रत्येकाचा स्वतःचा कप्पा, त्याचा स्वतःचा एक मोठा पासवर्ड, आणि घराचं सामाईक सगळं सगळ्यांना दिसणारं. कुणी बरेच दिवस उत्तर दिलं नाही तर त्याचा कप्पा ठरवलेल्या माणसाला उघडायचा.

"म्हणजे माणूस गेला तर," सुशांत म्हणाला.

"किंवा असून नसल्यासारखा झाला तर," श्रेया म्हणाली.

रमाबाईने एकच विचारलं. "एक जण विसरला तर बाकीच्यांचं अडतं?"

"नाही."

"मग हाच घे."

श्रेयाने तिथेच माणसं भरायला घेतली. सुशांत, ती, अक्षदा, रमाबाई. पाचवी, फणसवाडीला राहणारी तिची स्वतःची आई. सुशांत म्हणाला, त्यांना तर गॅस बंद केला का तेही आठवत नाही. श्रेया म्हणाली, म्हणूनच. सहाव्या जागेशी तिचं बोट थांबलं.

"राहू दे रिकामी," सुशांत म्हणाला. "उद्या अक्षदाचं लग्न झालं तर जावयाला लागेल."

अक्षदा पप्पा म्हणून ओरडली आणि हसली. दौलत आपल्या खुर्चीत बसून होता. आपण याच खोलीत आहोत हे सांगावं असं त्याला वाटलं, पण ते कसं सांगतात ते आठवेना.

श्रेया सासूला समजावत होती की मोठा पासवर्ड चार शब्दांचा करायचा, एकमेकांशी संबंध नसलेले, देव नकोत, जन्मसाल नको, आणि तो मलाही सांगायचा नाही. रमाबाईने हात पदराला पुसले, फोन घेतला, भिंतीकडे तोंड केलं आणि एका बोटाने सावकाश टाइप केलं. तिचे ओठ हलले नाहीत.

"आणि माझो?" दौलत म्हणाला. "माझो पासवर्ड काय?"

रमाबाई वळली.

"तुमका कित्याक व्हयो?"

मग ती वाटाण्यांचा टोप उचलून घेत सगळ्यांना म्हणाली, "ह्यांना ह्यात घ्यायचं नाही. काही उघडायचं असलं तर मला सांगतील, मला पटलं तर मी उघडून देईन. आणि या चतुर्थीला गाऱ्हाणं सुशांत घालेल."