सरासरी मापाचं पोरगं

सोलापुरात शाळांचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात मी दर जूनला शाळेच्या कामाने जातो. दारापाशीच्या मशीनवर ती बसते. नाव मी कधी विचारलं नाही. बोलताना तिची नजर सुईवरून हलत नाही, आणि एक शर्ट संपला की ती मान मोडून घेते.

यंदा व्याप नको म्हणून आमच्या मुख्याध्यापकांनी वर्गाच्या मापांची सरासरी काढली आणि सगळे शर्ट त्याच मापाचे मागवले. ते बहुतेकांना बसेनात, म्हणून मी गठ्ठा परत नेला. वर्षानुवर्षं फळ्यावर सरासरी, मध्यक, बहुलक शिकवून मी स्वतःच कंटाळलोय. मुख्याध्यापकांशी वाद कोण घालणार?

ती शिवण उसवू लागली.

"सर, सरासरी मापाचं पोरगं कुटं हाय, तेवढं दावा की."

"मग तुम्ही कोणतं माप धरता?"

"ज्या मापाची पोरं जास्त, ते आदी. लई बारकी, लई मोटी, ती मागनं."

म्हणजे बहुलक, मी मनात म्हटलं.

ती स्वतः लई बारकी. कारखान्याने सगळ्या बायकांना एकाच मापाचे एप्रन दिलेत. तिच्या बाह्या दुमडून दुमडूनही बोटांवर येत होत्या, आणि ती त्या पुन्हा पुन्हा मागे सारत उसवत होती.