ट्रायकोची बाटली

फर्दापूरच्या फाट्यावर एसटी थांबवायला दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, अख्खा कळप रस्त्यात उभा केला. नुसत्या हातानं गाडी थांबत नाही, हा त्यांचा अनुभव. ड्रायव्हरनं शिव्या घातल्या, मेंढरांनी लेंड्या टाकल्या, आणि मी पत्र्याची पेटी मांडीवर घेऊन असा बसलो की जणू औरंगाबाद माझ्यावाचून अडलं होतं. दादा खिडकीखाली आले. "जिथं वारं खेळत नाय तिथं जास्ती थांबू नको," म्हणाले. मेंढपाळ दुसरं काय सांगणार, म्हणून मी हसलो.

तुम्ही वाडीत राहिलेले आणि माझ्यामागून औरंगाबादेत मुकुंदवाडीला आलेले, सगळ्यांनीच माझ्या पुष्कळ गोष्टी ऐकल्यात. ही मी कधी रंगवली नाही. वाडीला ती ठाऊक आहे. मुकुंदवाडीकरांना नाही, आणि माझ्या मुलीलाही नाही.

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मला टाकीवर घेतलं. तेलकट सुटे भाग जाळीत भरायचे, टाकीच्या गरम वाफेत सोडायचे. वर काढले की लख्ख. त्या द्रवाला गोडसर वास होता. ऑफिसात त्याला टीसीई म्हणत, आम्ही ट्रायको. पिंपावर मात्र इंग्रजीत हातभर लांब नाव होतं. ते वाचायचा सुखदेव, टाकीवरचा माझा जोडीदार आणि मुकुंदवाडीच्या खोलीतलाही. बारावीपर्यंत रसायनशास्त्र शिकलेला. "ट्रायक्लोरोएथिलीन," तो म्हणायचा. "ट्राय म्हणजे तीन. एथिलीनला क्लोरीनचे तीन अणू चिकटलेत. नावातच सगळं लिवलंय, वाचणारा पायजे." मी ते नाव जागरणात देवाला हाळी द्यावी तसं हात वर करून म्हणायचो आणि अख्खं खातं हसायचं.

ते विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. पाळी सुटली की सुखदेव मोर्चाला जायचा. एकदा डोकं फुटून आला. मी म्हणालो, "नाव बदलून काय व्हतंय रे? भिंती त्याच, मास्तर तेच."

तो जखम धूत होता. "तुला जन्मल्यापासून नावानं हाक मारतेत," म्हणाला. "माझ्या बापाला गावानं जातीनंच हाक मारली. म्हणून तुला हे सुचतंय."

मी त्याची नक्कल केली. हशा मिळाला की आपण जिंकलो, असा माझा समज होता.

त्या पावसाळ्यात मेंढरांच्या जखमांत किडे पडले. आपल्याकडं त्यावर टर्पेंटाईनचा बोळा ठेवतात. मला वाटलं, आपल्या टाकीत त्याहून जोरकस माल आहे. दारूच्या दुकानामागची रिकामी बाटली उचलली, भरली आणि ऐटीत वाडीला नेली. दादांनी बूच काढून वास घेतला. "काय म्हणायचं ह्याला?" नाव माझ्या जिभेवर होतं, पण परतीची गाडी चुकली असती. "नावाचं काय करायचंय? लावा," म्हणालो.

दोन आठवड्यांनी निरोप आला. नामांतराच्या दंगलीनं शहर बंद होतं, एसटी बंद होती. पोचलो तेव्हा तिसरा दिवस होता. झड लागली म्हणून दादा पत्र्याच्या खोपटात दार लावून मेंढरांना औषध लावत बसले होते. बाटली कलंडली असावी. संध्याकाळी दार उघडलं तर दादा गेलेले, शेजारी दोन कोकरं मेलेली आणि हाताशी दारूची बाटली. गावानं अर्थ लावला: म्हातारा पिऊन गेला, कोकरं गारठून गेली.

दादांनी लग्नकार्यातसुद्धा कधी घोट घेतला नव्हता. आई ज्याला त्याला सांगत होती, "त्यांनी कधी शिवली नाय हो," आणि बाया तिला समजूत घालावी तसं थोपटत होत्या. खरं बोललो तर दादांची अब्रू वाचत होती आणि बाप मारल्याचं माझ्या माथी येत होतं. मी गप्प बसलो.

नवव्या दिवशी सुखदेव फाट्यावरून चालत आला. त्या दिवसांत त्यानं आमच्या वाडीत एकट्यानं येणं सोपं नव्हतं. आढ्याला खोचलेली बाटली त्यानं हुंगली आणि मला खोपटामागं नेलं.

"कुणी आणली?"

"मी. तू सांग ना गावाला. तुला नीट सांगता येईल."

"माझ्या तोंडून ऐकतील व्हय? तूच सांग. पुरं नाव सांग. ट्रायको म्हणशील तर ती बी दारूच वाटंल त्यांना."

दहाव्याला वाघूरच्या काठी पिंड मांडला. कावळा बाभळीवर बसून होता, खाली येईना. चुलत्यांनी कबूल करून पाहिलं, मेंढरं सांभाळू, पोराचं लगीन करू. तेवढ्यात मागून कुणी म्हणालं, "क्वार्टर ठेवा शेजारी, बघा कसा येतो." पाचसहा जण हसले. एकानं खरोखर सायकल काढली.

"थांब," मी म्हणालो. "बाटलीत दारू नव्हती. ट्रायक्लोरोएथिलीन होतं, कारखान्यातलं. बंद जागेत त्याच्या वाफेनं माणूस मरतो. मी आणून दिलं. दादांनी नाव विचारलं, मी सांगितलं नाय."

कुणी हसलं नाही. चुलते म्हणाले, "परत सांग." मी परत सांगितलं. त्यांनी ओठातल्या ओठात म्हणून पाहिलं, जमलं नाही. मग सायकलवाल्याला म्हणाले, "सायकल ठिव."

इथं कावळा झेपावला असं लिहिलं तर रंगत येईल, पण तो उडून गेला. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

घरी आल्यावर आई म्हणाली, "त्यांची अब्रू राखलीस. पर आता इथं ऱ्हाऊ नको." वर्षभर तिनं मला बोलावलं नाही.

पुढं विद्यापीठाचं नाव बदललं त्या दिवशी सुखदेवनं खोलीवर पेढे आणले. मी नक्कल केली नाही.

आता गारखेड्यात माझा फ्लॅट आहे. गणपतीत सोसायटीवाले खुर्च्या मांडून माझ्या गोष्टी ऐकतात. वाडीला वर्षातून दोनदा जातो. पारावर सरकून जागा देतात, चहा येतो, गोष्ट सांग असं कुणी म्हणत नाही. मी काय केलं ते तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, तरी जागा देतात. त्याला मी घर म्हणतो. गारखेड्याला तसं म्हणायचं असेल तर आधी हे मुलीला वाचून दाखवावं लागेल.