दारावरचे दोन दिवे

पुलगावहून फोन आला तेव्हा वाटलं, दिलीपच असणार, दिवा विझल्याचं सांगायला. पण फोनवर वहिनी होत्या. सकाळी अंगणात उभ्या उभ्या कोसळला, म्हणाल्या, आणि गेला... महिना उलटला, माझं त्याच्याशी भांडण अजून थांबलेलं नाही.

आम्ही दोघं कॉलेजपासूनचे मित्र, इलेक्ट्रॉनिक्सचे. मी बोरगाव मेघेत राहून पॉलिटेक्निकात शिकवू लागलो. तो दोन हजार सालानंतर पुण्याची नोकरी सोडून पुलगावला परतला. डोक्यात एकच खूळ: संत्र्याच्या बागेतली ओल मोजणारं, छोट्या सेलवर चालणारं यंत्र. घोडं अडलं प्रोसेसरवर. थोड्या आणि सोप्या आज्ञांवर चालणारे दोन्ही, पण माझा बत्तीस बिटांचा, त्याचा आठ बिटांचा. माझा झटपट काम उरकून झोपतो, म्हणून सेल वाचतो, असं मी म्हणायचो. तो उसळायचा, "अबे, पण झोपेतही खाऊन राह्यला ना तुझा! माझा हळू चालते, पण झोपला का काईच खात नाई." झोपेचं हे कौतुक खोलीभर येरझारा घालत. त्याचा चहा निवून जायचा. मला भयंकर राग यायचा, आणि पुढच्या रविवारी मी पुन्हा पुलगावची गाडी पकडायचो.

शेवटी त्याने बैठकीच्या दारावर दोन बोर्ड ठोकले, एकात माझा प्रोसेसर, एकात त्याचा. सेल सारखेच. दोघांनी जागं व्हायचं, दिवा लुकलुकवायचा, झोपायचं. ज्याचा दिवा आधी विझेल तो हरला, दुसरा यंत्रात बसणार. तोवर यंत्र बनवायचं नाही! बागवाले विचारून थकले, मीही थकलो. "घाई काऊन करून राह्यला बे?" हेही तो घाईघाईनेच म्हणायचा.

परवा गेलो. चप्पल काढण्याआधी वर पाहिलं. दोन्ही दिवे लुकलुकत होते. हायसं वाटलं. वहिनींनी चहा आणला.

"तेरवीच्या सकाळी एक बंद दिसला, भाऊजी," त्या म्हणाल्या. "मले पाहवलं नाई. दोघायलेही नवे सेल टाकून देले."

"कोणता बंद होता?"

"ते नाई ध्यानात राह्यलं."

म्हणजे निकाल लागला होता, आणि तो आता कुणालाच कळणार नव्हता. मला दिलीप हवा होता, त्या क्षणी, समोर, ओरडायला. मी उठलो, खिडकीपर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो...

"बसा ना, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "त्यायच्यासारखं काऊन करून राह्यले?"

मी बसलो. चहा निवला होता.