कुंदाबाईंची नागीण

राळेगावच्या बाजारात बांगड्या भरणाऱ्या कुंदाबाईंच्या कमरेला डावीकडून नागीण उठली. शेजारीण म्हणाली, "तोंड अन् शेपूट भिडलं का माणूस संपते!" कुंदाबाईंचं जेवणच सुटलं.

त्यांची सून दीपा नर्स. ती हसली. "नाही भिडत, आई. हा लहानपणच्या कांजण्यांचाच विषाणू, एका नसेत झोपून होता. आता तिच्याच वाटेनं कातडीवर आला. डावी नस बेंबीपाशी थांबते, उजवीकडं जातच नाही."

"नसच काहून धरली त्यानं? हाड काहून नाही?"

"पेशीवर पकडायले जागा भेटली, तरच विषाणूले आत शिरता येते. याले ती नसेत अन् कातडीत भेटते."

त्या संध्याकाळी कुंदाबाई पोटभर जेवल्या. गोळ्यांनी फोड सुकले, आग मात्र महिनाभर राहिली. तरी बांगडी चढवता चढवता त्या गिऱ्हाइकाला सांगायच्या, "नागीण बेंबीपुढं जात नाही वं, घाबरू नोको!"