लाँग स्नॅपरचा बाप

आमचा मुलगा व्यावसायिक फुटबॉल खेळायला जाणार असं कळल्यावर पुण्यात माझ्या मेहुणीने पेढे वाटले. तिला वाटलं, भाचा आता टीव्हीवर गोल मारताना दिसणार. बायकोने फोनवर तिला परत परत समजावलं, की अजून काही ठरलेलं नाही, नुसते बघायला येणार आहेत. शिवाय हा तो फुटबॉल नव्हे, अमेरिकन आहे, यात बॉल हातात घेऊन पळतात.

"बरं, मग हा पळतो का?"

"नाही गं. हा खाली वाकतो आणि दोन पायांमधून बॉल मागे टाकतो."

मग मेहुणी म्हणाली, "एवढंच?"

मीही सुरुवातीला हेच म्हणालो होतो. इंग्लंडात लीड्समध्ये जन्मलेलं पोर, शिकून इंजिनिअर झालेलं, आणि त्याची महत्त्वाकांक्षा काय, तर वाकून बॉल मागे टाकायचा! युनिव्हर्सिटीत असताना मित्रांबरोबर तो या खेळात शिरला. पुढे धावणाऱ्यांइतका तो चपळ नव्हता आणि भिंतीसारखे उभे राहणाऱ्यांइतका जाड नव्हता. असा बॉल मागे टाकणारा जुना खेळाडू, म्हणजे लाँग स्नॅपर, पास होऊन निघून गेला, जागा रिकामी झाली, हा वाकला आणि पहिलाच बॉल सरळ गेला. झालं. तिथून आमच्या घराची शांती गेली.

तो खेळ मला नीट समजायला वर्ष लागलं, पण ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागतो तेवढा भाग सोपा आहे. संघाला पुढे सरकायला चार संधी मिळतात. तीन फुकट गेल्या, की चौथ्या वेळी बहुतेक वेळा बॉल लाथेने दूर उडवून समोरच्यांना देऊन टाकतात. लाथ मारणारा, म्हणजे पंटर, पंधरा यार्ड मागे उभा असतो. त्याच्यापर्यंत बॉल पोचवायचं काम लाँग स्नॅपरचं. तो बॉलवर ओणवा होतो, स्वतःच्या पायांमधून उलटं जग बघतो, आणि दोन्ही हातांनी बॉल असा सोडतो की तो स्वतःभोवती फिरत पंटरच्या बरोबर कमरेपाशी जावा. सेकंदभराच्या आत. थोडा वर गेला तर अनर्थ, थोडा खाली गेला तरी अनर्थ. आणि बॉल सुटला म्हणजे काम संपलं असं नाही. त्याने मान वर करायच्या आत समोरचा धिप्पाड माणूस त्याच्या अंगावर आलेला असतो. त्याला अडवायचं, त्याच्यातून सुटायचं आणि सगळ्यांच्या पुढे सुसाट धावत जाऊन, पलीकडे ज्याने बॉल झेलला त्याला आडवं करायचं. वेटलिफ्टरच्या मांड्या आणि लेगस्पिनरचं मनगट एकाच अंगात असावं लागतं. मेहुणीला हे कोण सांगणार?

मला छळत होती ती खाली घातलेली मान. मी रेडिऑलॉजिस्ट. मोठ्या हॉस्पिटलातल्या एका अंधाऱ्या खोलीत बसून लोकांच्या मानांचे फोटो बघणं हा माझा धंदा. घोड्यावरून पडलेले, मोटारसायकलवरून उडालेले, रग्बीत आपटलेले. फोटोत चेहरा नसतो, नुसते मणके असतात, त्यामुळे त्यांच्या जागी कोणालाही बसवता येतं. मी माझ्याच मुलाला बसवायचो. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते खरं आहे. माझ्या मनाइतका दुष्ट वैरी मला लीड्समध्ये दुसरा भेटला नाही.

तरीही बॉल झेलायला मीच जायचो. युनिव्हर्सिटी संपल्यावर तो गावातल्या एका हौशी टीमकडून खेळत होता; तिथले बाकीचे आपापल्या नोकऱ्यांत अडकलेले, आणि स्नॅपरला रोज मागे कोणीतरी उभं लागतं. कौन्सिलच्या पार्कमध्ये, रिमझिम असो नाहीतर वारा, आम्ही दोघं. पहिल्या आठवड्यातच माझी करंगळी सुजली. मग मी पुण्याहून आणलेले, क्लबच्या क्रिकेटमधले विकेटकीपिंगचे ग्लोव्ह्ज माळ्यावरून काढले. कुत्री फिरवायला आलेल्या म्हाताऱ्या बायका थांबून बघायच्या: एक तरुण त्यांच्याकडे पाठ करून ओणवा, आणि मागे एक टकला भारतीय गृहस्थ क्रिकेटचे ग्लोव्ह्ज घालून उभा.

"बाबा, बॉल जड वाटली का?"

"हाताला विचार."

"पण स्ट्रेट होती ना? तुम्हाला मूव्ह नाही करायला लागला?"

नव्हतंच हलावं लागलं. हळूहळू मला हलावं लागेनासंच झालं. डोळे मिटून उभा राहिलो असतो तरी बॉल आपणहून ग्लोव्ह्जमध्ये येऊन बसला असता. तो अमेरिकेतल्या सामन्यांची रेकॉर्डिंग्ज बघायचा आणि त्यात फक्त स्नॅपरच बघायचा, पुन्हा पुन्हा मागे नेऊन. मीही बघायला लागलो. समालोचक अख्ख्या सामन्यात त्या माणसाचं नाव घेत नाही. घेतलं, तर समजावं की त्याने घाण केली आहे. असलं करिअर माझ्या मुलाला हवं होतं. मला त्याचा अभिमान वाटायचा आणि त्याच क्षणी रागही यायचा.

तेव्हा युरोपात एक व्यावसायिक लीग चालू होती आणि तिथल्या संघांना काही खेळाडू युरोपातलेच घ्यावे लागत. जर्मनीतल्या एका संघाला स्नॅपर हवा होता. त्यांचा प्रशिक्षक आमच्या टीमचा एक सामना बघायला येणार असं ठरलं. एकच सामना. मुलगा बावीस वर्षांचा होता, इंजिनिअरिंगची नोकरी सप्टेंबरपासून लागणार होती, आणि पुन्हा अशी संधी येणार नाही हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. त्या आठवड्यात तो नीट जेवला नाही. मीही नाही. बायको दोघांची ताटं बघून म्हणाली, "सामना कोणाचा आहे नक्की?"

रविवारी रग्बी क्लबकडून भाड्याने घेतलेल्या मैदानावर आम्ही फोल्डिंगच्या खुर्च्या घेऊन पोचलो. वारा असा की थर्मासमधला चहा कपात पडायच्या आत गार व्हावा. जर्मनीहून आलेला प्रशिक्षक अंगाने बारीक, डोक्यावर लोकरीची टोपी, खिशात हात. तो आमच्यापासून चार खुर्च्यांच्या अंतरावर उभा होता आणि बॉलकडे बघतच नव्हता. सामना कुठेही चालू असो, तो माझ्या मुलाकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघत होतो. बायको माझ्याकडे बघत होती.

सगळे स्नॅप्स छान गेले. पंटरला एकदाही वाकावं लागलं नाही. मी श्वास सोडणार, एवढ्यात शेवटच्या भागात आमची टीम आपल्याच गोलरेषेजवळ अडकली. चौथी संधी. आता पंट करायचा, आणि पंटर उभा जवळजवळ मैदानाच्या बाहेर. इथे स्नॅप चुकला तर सामना गेला, आणि पोरगाही गेला.

तो बॉलवर आला. पाय फाकवताना त्याच्या बुटाची कड बॉलला लागली. मी पाहिलं. बायकोनेही पाहिलं. आणि मग त्याचा उजवा हात बॉलवरून उचलला गेला, हेल्मेटच्या कपाळाला टेकला आणि परत खाली आला.

पंचाची शिट्टी वाजली.

आमच्या घरात पुस्तकाला, पाटीला, अन्नाला, माणसाला, कशालाही पाय लागला की हात लावून नमस्कार करायचा. बायकोने हे त्याला रांगता असल्यापासून शिकवलेलं. पार्कमध्येही तो करायचा. मला त्यात काही वावगं दिसलं नाही, मीही तेच केलं असतं. पण या खेळात स्नॅपरने बॉलला हात लावल्यावर हालचाल करायची नसते. समोरची माणसं त्याच्या हाताकडे डोळे लावून बसलेली असतात; हात हलला तशी त्यातली दोघं झेपावली. दोष आमच्याच टीमचा ठरला. बॉल आणखी मागे, गोलरेषेला अगदी चिकटून. हात दाखवून अवलक्षण.

टीमची पोरं त्याच्यावर ओरडत होती. प्रशिक्षकाने खिशातला हात काढून टोपी सारखी केली. बायको पुटपुटली, "मीच लावलंय ते वळण." मला तिचा हात धरता आला असता. मी धरला नाही, माझे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्याला चिकटले होते.

तो पुन्हा वाकला. या वेळी बॉलपासून पाय चांगले लांब. मला वाटलं, आता हा चुकणार. बॉल सुटला आणि मला फक्त थाप ऐकू आली. पंटरच्या हातात, कमरेपाशी, जरा उजवीकडे. जसा हवा तसा. पंटरने लाथ मारली. समोरच्या दोघांनी माझ्या मुलाला मध्ये चेपलं, तो त्यांच्यातून निसटला आणि मान वर करून धावत सुटला. इतक्या वेगाने धावताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. बॉल झेलणाऱ्याने बाजूला वळायचा प्रयत्न केला. याने डोकं खाली घालून त्याला धडक दिली. दोघंही पडले. दुसरा उठला.

मी कधी उठलो, रेषा कधी ओलांडली, मला आठवत नाही. कोणीतरी "सर! सर!" ओरडत होतं. तो पाठीवर पडलेला, डोळे उघडे. मी गुडघ्यांवर बसलो आणि त्याचं हेल्मेट दोन्ही बाजूंनी धरलं. डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षांत शिकलेलं, मग अंधाऱ्या खोलीत बसून विसरलो असं वाटलेलं, सगळं हातांत होतं.

"हलू नकोस. मान दुखते?"

"नाही. विंड गेली फक्त, श्वास नव्हता येत."

"हातांत मुंग्या?"

"नाही, बाबा."

"पायाची बोटं हलव."

बूट हलले. दोन्ही. क्लबची फिजिओ आली, तिने तेच प्रश्न विचारले, मान चाचपली, तिलाही तीच उत्तरं मिळाली. "ही इज फाइन," ती म्हणाली. मलाही कळत होतं, तो ठीक आहे. माझ्यासमोर त्याचा फोटो आला असता तर मी एका ओळीत नॉर्मल लिहून पुढचा घेतला असता.

पण माझे हात निघेनात.

"बाबा, सोडा." तो दात आवळून, हळू आवाजात बोलत होता. "तो बघतोय. कोच बघतोय. मला उठायला पाहिजे."

प्रशिक्षक खरंच रेषेवर येऊन उभा होता. बावीस वर्षांचा खेळाडू आडवा, आणि त्याचं डोकं धरून बसलेला बाप. असल्या खेळाडूला कोण घेऊन जाईल? मी आणखी थोडा वेळ तसाच बसलो असतो, तर तो सप्टेंबरमध्ये ऑफिसात गेला असता. सुखरूप. रोज संध्याकाळी घरी. हे माझ्या डोक्यात आलं, स्पष्ट आलं, आणि त्यालाही माझ्या तोंडावर दिसलं असावं.

"बाबा," तो म्हणाला, "प्लीज."

त्याची निवड झाली, तो जर्मनीत दोन हंगाम खेळला आणि त्याची मान आजही शाबूत आहे, हे सगळं पुढचं. त्या वेळी मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी एक हात काढला. मग दुसरा. तो झटकन उठला, मागे न बघता धावत आपल्या टीमकडे गेला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तिथेच चिखलात गुडघ्यांवर होतो. शेवटी पंच आला, त्याने मला काखेत हात घालून उभं केलं आणि रेषेबाहेर नेऊन सोडलं.