खालचं वळण

जव्हारच्या डेपोतला तो मेकॅनिक कुठल्याही प्रश्नाला आधी "बघू" म्हणायचा आणि कानावर खोचलेली विडी चाचपायचा. मित्रानं मुंबईहून शिडाची फळी आणली, तेव्हापासून आम्ही तीन मास्तर दर रविवारी मोखाड्याकडे वैतरणेवर जायचो. वाऱ्यावर फळी पळवायची, म्हणजे बहुतेक वेळ पाण्यात पडायचं. तो मेकॅनिकही आमच्या जीपमधून यायचा, पण उतरला की काठाकाठानं पार खालच्या वळणावर जाऊन एकटाच बसायचा. आम्हाला हसत असेल, असं वाटून मला त्याचा रागच यायचा.

एकदा वारा अचानक फिरला. शीड हातातून सुटलं, मी पडलो आणि धारेला लागलो. मित्रांच्या हाका मागे राहिल्या. दम संपत आला, तेवढ्यात कुणीतरी माझं बखोट घट्ट धरलं. कमरेएवढ्या पाण्यात तो उभा होता, विडी कानावर तशीच.

काठावर आल्यावर धापा टाकत मी विचारलं, "तुम्ही इथं कसे?"

"मास्तर, ही नदी सगळं इथंच आणून टाकते," तो म्हणाला. "पयल्या रविवारी तुमची चप्पल इथंच गावली. तेवापासून बसतो."