हाकेच्या उंचीचं घर

ठाण्यात आजवर जेवढ्या उंच इमारती उभ्या राहिल्या, त्यांतली एकही आमच्या काकांना विचारून बांधलेली नाही, आणि हे या गावाचं मोठंच दुर्दैव म्हटलं पाहिजे. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पत्रे कापणाऱ्या यंत्राशेजारी त्यांची उमेदीची सारी वर्षं गेली. बांधकामाशी त्यांचा संबंध एवढाच, की ते एका इमारतीत राहायचे. तरीही खाडीकाठच्या गावात घर किती उंच असावं याबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. खालून मारलेली हाक वर ऐकू गेली, की उंची बरोबर. त्याच्या वरचं सगळं बांधकाम त्यांच्या लेखी बेकायदा होतं.

यंत्राच्या खडखडाटात वर्षानुवर्षं ओरडून बोलल्यामुळे काकांचा आवाज कायमचा वरच्या पट्टीत अडकला होता. ते देवाचं नाव घ्यायचे तेही देवाला दरडावल्यासारखं. संध्याकाळी कारखान्यातून आले की दुमजली इमारतीच्या अंगणात उभे राहायचे, दोन्ही हात तोंडाभोवती धरायचे आणि वर बघून हाक द्यायचे, "अगं ए, ऐकलंस का!" बायकोचं नाव घ्यायची त्यांची पद्धत नव्हती. 'ऐकलंस का' तर घरोघरच्या बायका होत्या, पण हा 'ऐकलंस का' कुणाचा याबद्दल कुणाच्याही मनात शंका नसायची. मावशी पदराला हात पुसत गॅलरीत यायची, हात वर करायची आणि चहाचं आधण ठेवायला आत वळायची. मगच काका जिना चढायचे. मासळी विकायला येणारी कोळीण एकदा टोपली सावरत म्हणाली, "काका, तुमचा गला हाय का भोंगा? खाडीतल्या होऱ्या माघारी येतील ना!" काकांना ती स्तुतीच वाटली. पुढे महिनाभर ते तिच्याकडूनच मासळी घेत होते.

दारावरच्या बेलला त्यांनी उभ्या जन्मात बोट लावलं नाही. "घंटी देवापुढं वाजवायची. माणसाला हाक मारायची," असं म्हणायचे. मी वर्तकनगरला चौथ्या मजल्यावर राहायला गेलो तेव्हा एका रविवारी ते खाली उभे राहून "दिलीप!" म्हणून गरजले. आमच्या कॉलनीत किती दिलीप राहतात हे मला त्या दिवशी कळलं. सगळ्यात शेवटी खाली उतरलेला दिलीप मी. "बघ, घर लांब आहे तुझं," काका म्हणाले. माझं घर त्यांच्या घरापासून किती अंतरावर आहे याच्याशी त्या वाक्याचा काही संबंध नव्हता.

नव्वद साल उलटल्यावर त्यांची इमारत पाडून तिथे सात मजली बांधायचं निघालं. अंगणात सभा भरली. तरुण मंडळी लिफ्ट आणि घरातला संडास या दोन शब्दांनीच हरखून गेली होती. काका एकटे विरोधात. "गाव खाडीच्या काठावर आहे, आभाळाच्या काठावर नाही," असं त्यांनी ठणकावलं. बिल्डरचा माणूस गोड बोलणारा होता. "काका, टेन्शन कशाला घेता? प्रत्येक घरात इंटरकॉम देतो ना!"

"इंटरकॉमवर बोलतात रे. हाक मारतात होय?"

लोक हसले. सगळ्यांच्या सह्या झाल्या, काकांची तेवढी राहिली आणि काम अडलं. शेजारी तोंड फिरवून जायला लागले. मावशी मात्र एका शब्दानं काही बोलली नाही. पुढे एकदा सकाळी काकांनी तिला जिना उतरताना पाहिलं. संडास खाली अंगणात होता. गुडघे वाकत नाहीत म्हणून ती भिंतीला धरून, पाठमोरी, एकेक पायरी उतरत होती. त्या दिवशी ते कामावर गेलेच नाहीत. बिल्डरच्या ऑफिसात जाऊन म्हणाले, "बांधा तुमचा मनोरा," आणि सही करून आले.

इमारत होईपर्यंत दोघं विठ्ठलवाडीला तळमजल्याच्या खोलीत भाड्यानं राहिली. मग चिठ्ठ्या टाकल्या त्यात सातवा मजला आला. मावशी रत्नागिरीकडची, पाण्याकाठी वाढलेली. वरून अख्खी खाडी दिसली तेव्हा तिला रडू आलं. इतकी आनंदात मी तिला कधी पाहिली नव्हती. आणि त्याच संध्याकाळी काकांनी खाली उभं राहून जीव खाऊन हाक मारली. वॉचमन काठी घेऊन धावत आला. खेळणारी पोरं तोंडाभोवती हात धरून त्यांच्या नकला करायला लागली. गॅलरीत कुणीही आलं नाही. काका वर आले, गुपचूप जेवले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. शेजारणीकडून मावशीला सगळं कळलं ते दुसऱ्या दिवशी.

त्यानंतर मी कधीही संध्याकाळी गेलो, तरी मावशी दिवेलागणीच्या आधीच उठून गॅलरीत उभी राहायची. खाली काका मुंगीएवढे दिसायचे. ते तोंडाभोवती हात धरायचे, मावशी हात वर करायची आणि मग आधण ठेवायची. "ऐकू आलं तुला?" मी एकदा विचारलं.

"छे रे, इथवर कुठला येतोय आवाज? पण त्यांना सांगू नकोस हं. त्यांना वाटतं मी ऐकते."

चार-पाच वर्षांनी मावशी गेली. मूलबाळ नव्हतं. दिवसकार्य उरकल्यावर मी काकांकडे थांबलो होतो. संध्याकाळी ते पाय मोकळे करायला खाली गेले. परत येताना नेहमीच्या जागी थांबले आणि वर बघत राहिले. मी गॅलरीतून हात वर केला. त्यांनी मान खाली घातली आणि लिफ्टकडे वळले.

वर आल्यावर मी दिलेला चहा त्यांनी हातात घेतला. मग म्हणाले, इतक्या हळू की तो त्यांचा आवाज वाटेना, "तुला सांगतो दिलीप, त्या पहिल्या दिवसानंतर मी हाक मारलीच नाही कधी. पोरं हसतात, वॉचमन बघतो. नुसते हात धरायचो तोंडापाशी. ती बिचारी रोज येऊन हात वर करायची. तिला वाटायचं माझा आवाज पोचतोय. म्हटलं, कशाला मोडा तिचा समज?"

मावशीनं सांगू नकोस म्हटलं होतं. मी सांगितलं नाही.

समोर आणखी उंच इमारतीचं काम चाललं होतं आणि मावशीची खाडी निम्मी झाकून गेली होती. काका तिकडे बघत होते.

"पहिल्या मजल्यावर असतो ना," ते म्हणाले, "तर रोज खरी मारली असती रे हाक."